यादीत नसलेला डोंगर

मे महिन्यात आपल्या विठ्ठलवाडीतून हिमालयात जाणारी मुलं एक नियम शिकून येतात: बर्फाचा उतार पहाटेच पार करायचा. ऊन चढलं की वितळलेलं पाणी थरांत झिरपतं, पकड सुटते आणि हिमस्खलन होतं. सह्याद्रीत बर्फ नाही, पण पाणी तेच काम करतं. मुरलेल्या पावसानं माती जड होते आणि उतारावरून सुटते.

हा इतिहास जुना नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. एसटीच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकरांची इर्शाळवाडी: २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला.

नंतर सरकारने सांगितलं, इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. आम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून इथे अडतो. 'धोका नोंदलेला नाही' यावरून 'धोका नाही' हे कसं सिद्ध होईल? यादी कागदावर तशीच राहते. डोंगर मात्र दर पावसाळ्यात बदलतो. जमिनीला नवी भेग, झाडं कललेली, झरा अचानक गढूळ: ही नोंद तिथे राहणारा माणूसच आधी करतो. त्याचं म्हणणं पुरावा म्हणून धरायला आपण कधी शिकणार?