फळ्याचा खालचा भाग

मराठवाड्यातल्या कोणत्याही हायस्कुलात गेलात, तर ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात एक फळा दिसेल. त्याच्या वरच्या भागात सुविचार, दिनविशेष आणि सकाळच्या पेपरातल्या चार-पाच ठळक बातम्या. खालच्या भागात सूचना : परीक्षा फीची शेवटची तारीख, एसटीच्या पासचे फॉर्म, गॅदरिंगच्या तालमी, शनिवारची पालकसभा. वरचा भाग चांगल्या अक्षराच्या मुलामुलींकडे असतो आणि रंगीत खडू त्यांनाच मिळतात. खालचा भाग क्लार्क किंवा एखादे सर घाईघाईत लिहून काढतात. यातलेच बरेचसे परिपाठात माईकवरून वाचले जाते. मग सूचनांची वही घेऊन शिपाईमामा वर्गावर्गात फिरतात, सर सूचना वाचतात, सही करतात आणि तास पुढे सुरू होतो.

मी भोकरला शिकलो. तेव्हा वरचा भाग म्हणजे ज्ञान आणि खालचा म्हणजे कटकट, अशी सगळ्यांचीच समजूत होती. आता पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सवडीने मराठवाड्याच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचतो. त्या वाचनातून माझे मत हळूहळू उलटे झाले आहे. आमच्या तालुक्याचा इतिहास फळ्याच्या खालच्या भागात होता, आणि तो रोज संध्याकाळी पुसला जात होता.

हे पटण्यासाठी आधी वरच्या भागाकडे नीट पाहावे लागेल. शाळेत सकाळी काय म्हणायचे, कोणती बातमी वाचायची आणि आज कोणता दिवस आहे, हे ठरवणे आपल्याकडे कधीच साधे काम नव्हते.

भोकर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिथे राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उच्च शिक्षणही उर्दूतून सुरू झाले. मराठी, तेलुगू किंवा कानडी घरातल्या मुलाला पुढे शिकायचे तर आधी परकी लिपी गिरवावी लागे. तारीखसुद्धा वेगळी होती. सरकारी दप्तरात फसली सन चाले, महिने आजूर, दै, बहमन असे, आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे. सभेलाही परवानगी लागे, त्याचे ‘गश्ती निशाण ५३’ हे फर्मान जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत हमखास भेटते. गश्ती म्हणजे फिरवलेला हुकूम, आजच्या भाषेत परिपत्रक. वर्गावर्गात फिरणारी सूचनांची वही पाहिली की मला हा शब्द आठवतो. त्या काळी अशाच फिरत्या कागदांवर माणसांनी किती बोलायचे, हे ठरत होते.

अशा राज्यात सकाळची प्रार्थना हीसुद्धा राजकीय गोष्ट होती. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. विद्यापीठाने मनाई केली, विद्यार्थी हटले नाहीत, तेव्हा शेकडो जणांना काढून टाकले. त्यांच्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच पिढीतले. आज परिपाठात ओठ हलवून वेळ मारून नेणाऱ्या मुलांना हे सांगायला हवे की, प्रार्थनेच्या एका गाण्यासाठी आपल्याच भागातल्या मुलांनी कॉलेज सोडले होते.

बातम्यांचेही तसेच. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली, तर ते नाव बदलून निघाले. पुन्हा बंदी, पुन्हा नवे नाव. उर्दू ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांनी हैदराबादने भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची भर रस्त्यात हत्या झाली. वर्तमानपत्रातल्या चार ओळी फळ्यावर उतरवणे हे आपल्याला शाळेतले सर्वांत निरुपद्रवी काम वाटते. त्या ओळी छापणे एकेकाळी इतके महाग होते.

१५ ऑगस्ट १९४७ ला भोकर स्वतंत्र भारतात नव्हते. त्या दिवशी संस्थानात तिरंगा फडकवायला बंदी होती, आणि त्याच पहाटे स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या दहशतीचे होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या फौजेने शरणागती पत्करली. म्हणून मराठवाड्यातल्या शाळांत वर्षातून एक झेंडावंदन जास्त होते, १७ सप्टेंबरचे. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हे सांगितले की त्यांना नवल वाटते.

आता गंमत पाहा. भोकरहून निघालेला रस्ता थोड्याच अंतरावर राज्याची हद्द ओलांडून भैंशाला जातो. १९५६ पर्यंत भैंसा ज्या तालुक्यात होते तो मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्याचाच भाग होता. भाषावार प्रांतरचनेत तो आदिलाबादला जोडला गेला आणि तिकडून किनवट आपल्याकडे आले. दोन्ही बाजूंची माणसे आजही एकमेकांच्या बाजाराला येतात, सोयरिकी होतात. पण १६ सप्टेंबरला दोन्ही गावांतल्या शाळांत उद्याच्या कार्यक्रमाची जी सूचना लागते, तिच्यातले दिवसाचे नाव वेगळे. आपल्याकडे ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. तेलंगणात २०२२ साली राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हटले आणि २०२४ मध्ये नव्या सरकारने ‘प्रजा पालन दिनोत्सवम्’. केंद्र सरकारचा त्याच तारखेला ‘हैदराबाद मुक्ती दिन’. कर्नाटकात बीदर-कलबुर्गीकडे २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव दिन’. घटना एक, तारीख एक, राज्यही तेव्हा एकच होते. सरकार बदलले की फळ्यावरचे नाव बदलते, आणि खडू धरणाऱ्या मुलाला त्याचे कारण कोणी सांगत नाही.

कोणत्याही नावाच्या सूचनेत न मावणारा भागही आहे. रझाकारांचे अत्याचार आपण भाषणांतून ऐकतो, आणि ते खरेच होते. पण पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानातल्या मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला. तो तपासायला पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली केंद्र सरकारने एक समिती पाठवली होती. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून तिने जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरच्या बरोबर नांदेड आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. माझ्या वर्गात दोन्ही बाजूंच्या घरातली मुले शेजारी-शेजारी बसत होती. झेंडावंदनाच्या भाषणातला इतिहास त्यांतल्या निम्म्यांच्या घरच्या आठवणींशी जुळत नसणार.

वरच्या भागाची दुसरी अडचण अंतराची आहे. दिनविशेषाची पुस्तके पुण्या-मुंबईत छापली जातात, आणि आपण ती उतरवून काढतो. ३० जानेवारीला फळ्यावर हुतात्मा दिन असतो, अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. ते योग्यच आहे. पण १९४८ च्या त्याच ३० जानेवारीला आमच्या शेजारच्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी बँकेवर छापा घालून लढ्यासाठी सुमारे २१ लाख रुपये नेले. उमरी भोकरपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या सगळ्या शालेय वर्षांत ही नोंद मी फळ्यावर पाहिलेली आठवत नाही. प्रतिज्ञेचेही तसेच. ती १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली आणि २६ जानेवारी १९६५ पासून देशभरच्या शाळांत म्हटली जाऊ लागली. हे गृहस्थ मूळचे नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे भोकरसारखेच निजामाच्या राज्यात जन्मलेले. आपल्याच जुन्या मुलुखातल्या माणसाची वाक्ये आपण रोज हात पुढे करून म्हणतो आणि त्याचे नाव बहुतेकांना माहीत नसते.

म्हणजे वरच्या भागात जग येते, देश येतो, पुणे-मुंबई येते. तालुका येत नाही. तालुका येतो तो खाली, सूचनांत.

‘पाचवी ते दहावीच्या मुलींनी पासचे फॉर्म ऑफिसात जमा करावेत.’ ही सूचना आम्ही कान न देता ऐकायचो. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, त्याचा हा फॉर्म. पुढे आमच्या भागात मानव विकासची निळी बस आली, तिच्या वेळेचीही सूचना लागायची. आता विचार करा, की एखाद्या हायस्कुलाकडे तीस वर्षांच्या या सूचना आणि त्यांच्या मागच्या गावनिहाय याद्या असत्या तर काय कळले असते? कोणत्या वाडीतून, कोणत्या तांड्यावरून पहिली मुलगी कोणत्या वर्षी हायस्कूलला आली. बस बंद पडली तेव्हा किती जणी घरी बसल्या. मुलींच्या शिक्षणाचा याहून खरा इतिहास कोणत्या अहवालात आहे?

तेच शिष्यवृत्तीचे. ‘सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीसाठी मुलींनी बँकेचे पासबुक आणावे’ या एका ओळीत कोणत्या समाजाची मुले कधी शाळेत टिकू लागली, हे दडलेले असते. तेच दिवाळीनंतरच्या सूचनांचे. ऊसतोडीला घरे निघाली की वर्गातले बाक रिकामे होत, आणि मग गैरहजर मुलांच्या पालकांना निरोप, हंगामी वसतिगृहाची माहिती अशा सूचना निघत. १९७२ च्या दुष्काळात मुलांना सुकडी वाटली गेली, हे घरोघरचे आजी-आजोबा सांगतात. ती कोणत्या गावात कोणत्या दिवशी आली, किती दिवस पुरली, हे तेव्हाच्या सूचनांच्या वहीत असणार. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, नांदेड जिल्ह्यात माणसे मारली गेली. त्या आठवड्यांत शाळा कोणत्या दिवशी बंद होत्या आणि उघडल्यावर कोण परत आले नाही? सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दिनविशेषाच्या पुस्तकात त्या तारखेपुढे मकरसंक्रांत असते.

शाळेचा एक कागद मात्र जपला जातो, दाखल-खारीज रजिस्टर. ते कायमचे ठेवायचे असा नियमच आहे. त्याची किंमत २०२३ मध्ये सगळ्या मराठवाड्याने पाहिली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडीत आणि उर्दूत लिहिलेली जुनी दप्तरे उघडली गेली. त्यांत शाळांच्या प्रवेशाच्या नोंदीही होत्या. कुठल्याशा गावातल्या मास्तरांनी फसली सनात बोरूने लिहिलेला एक शब्द आजच्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू लागला. लिहिताना त्या मास्तरांना ते फक्त रोजचे काम वाटले असेल. सूचनांच्या वहीला हे भाग्य नाही. ती भरली की काही वर्षांनी रद्दीत जाते.

माझ्या कामात लॉग नावाचा प्रकार असतो. यंत्र दर क्षणी काय करते याची कंटाळवाणी नोंद. ती कोणी वाचत नाही. पण काही बिघडले की सगळे आधी तिच्याकडेच धावतात, कारण अहवालात माणसे काय दाखवायचे ते ठरवतात, लॉगमध्ये घडले ते जसेच्या तसे असते. म्हणून लॉग किती दिवस ठेवायचा, हा प्रश्न आमच्याकडे गंभीरपणे चर्चिला जातो. शाळांत तो कोणी विचारलेला नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सूचना व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर गेल्या. शाळा उघडल्या तरी त्यांतल्या बऱ्याच तिथेच राहिल्या. पटसंख्या सरकारी पोर्टलवर जाते, ती राहील. पण ‘उद्या पाणी नसल्याने शाळा सकाळची’ हा निरोप सरांचा मोबाइल बदलला की जातो. वही निदान रद्दीवाल्याकडे तरी सापडण्याची शक्यता होती.

यावरचा उपाय काही लाखांचा नाही. फळ्याच्या खालच्या भागाचा रोज एक फोटो आणि वर्षाच्या शेवटी त्यांची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात, एवढे नववीची दोन मुले करू शकतात. जुन्या वह्या ज्यांच्या कपाटांत अजून असतील, त्यांनी त्या विकण्याआधी कोणाला तरी दाखवाव्यात. निवृत्त मुख्याध्यापक, क्लार्क, शिपाईमामा यांना विचारले तर पुष्कळ तारखा मिळतील. आणि येत्या १७ सप्टेंबरसाठी दिनविशेष लिहिणाऱ्या मुलीला पुस्तकातून उतरवायला न सांगता तिच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला, तो कोणत्याही समाजाचा असो, एकच प्रश्न विचारून यायला सांगावे : त्या साली आपल्या गावची शाळा किती दिवस बंद होती? जी उत्तरे येतील ती त्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने लिहावीत, आणि पुसण्याआधी वहीत उतरवून ठेवावीत.