अंगोरा ससा
लांब, रेशमासारख्या मऊ व वजनाने हलक्या लोकरीसाठी पाळण्यात येणारा ससा. ही सशाची स्वतंत्र जाती नसून यूरोपीय सशापासून (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) मानवाने निवड पद्धतीने निर्माण केलेला तो एक पाळीव प्रकार आहे. त्याच्या लोकरीस ‘अंगोरा’ असे म्हणतात. अंगोरा शेळीपासून मिळणारी ‘मोहेर’ ही लोकर तिच्याहून भिन्न होय.

तुर्कस्तानातील अंकारा हे शहर १९३० पर्यंत परदेशांत ‘अंगोरा’ या नावाने ओळखले जात असे. तेथील शेळ्या व मांजरे यांचे केस लांब असल्यामुळे तसेच केस असलेल्या सशालाही हेच नाव पडले. मात्र हा ससा मूळचा त्याच प्रदेशातील आहे, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. खलाशांनी १७२३ च्या सुमारास तो फ्रान्समधील बॉर्दो बंदरात आणल्याची कथा सांगतात, परंतु तीही दंतकथाच मानली पाहिजे. १८ व्या शतकात फ्रान्समध्ये हे ससे परिचित झाले होते, एवढे निश्चित. प्रसिद्ध निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँ यांनी अंगोरातील मांजरे, शेळ्या व ससे यांचे लांब केस हा तेथील हवामानाचा परिणाम मानला होता.

हे मत पुढे मागे पडले. अमेरिकन शास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. कॅसल यांनी सस्तन प्राण्यांतील अंगोरा केसांच्या आनुवंशिकतेसंबंधीचे आपले निष्कर्ष १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. लांब केस हा गुणधर्म मेंडेल यांच्या नियमांनुसार अप्रभावी असतो, असे त्यांवरून दिसून आले. म्हणजे माता व पिता या दोघांकडून तो मिळाला, तरच पिलामध्ये व्यक्त होतो. सामान्य सशाचा केस सुमारे ५ आठवडे वाढतो व थांबतो. अंगोरा सशाचा केस मात्र सुमारे १४ आठवडे वाढत राहतो. रानात असा प्राणी टिकणे कठीण आहे. त्याची लोकर गुंतून तिच्या गाठी होतात. अंग चाटताना पोटात गेलेले केस सशाला ओकून टाकता येत नाहीत व त्यांचा गोळा होऊन तो दगावू शकतो. म्हणून विंचरणे, वेळेवर लोकर काढणे व भरपूर वाळलेले गवत खाऊ घालणे ही पालकाची नित्याची कामे ठरतात. लोकरीचा दर्जा व प्राण्याचे आरोग्य ही दोन्ही अशा रीतीने पाळणाऱ्याच्या हाती असतात.

लोकर : या लोकरीतील मऊ तंतूंचा व्यास सुमारे ११ ते १५ मायक्रॉन, म्हणजे बहुतेक मेरिनो लोकरीपेक्षाही कमी असतो. तंतूच्या गाभ्यात हवेच्या पोकळ्या असल्याने ही लोकर हलकी असूनही अतिशय उबदार असते. तंतूवरील खवले गुळगुळीत असल्यामुळे तो स्पर्शास मऊ लागतो. परंतु त्याच कारणाने तो धाग्यातून निसटतो. शिवाय त्यात मेंढीच्या लोकरीची लवचिकता नसते. यासाठी मेंढीच्या लोकरीत किंवा इतर तंतूंत मिसळून त्याचे सूत काततात. स्वेटर, शाली, हातमोजे, मोजे व उबदार अंतर्वस्त्रे यांसाठी ते वापरतात. लोकर सामान्यतः दर तीन महिन्यांनी काढतात. फ्रान्समध्ये गळावयास आलेले केस हाताने उपटण्याची, तर जर्मनीत कात्रीने किंवा यंत्राने कातरण्याची पद्धत रूढ झाली. जर्मन प्रकारची चांगली मादी वर्षास १ किग्रॅ. हून अधिक लोकर देते; नराचे उत्पादन तुलनेने कमी असते.

प्रदर्शने व प्रकार : शशपालकांच्या संघटना व त्यांची प्रदर्शने यांमुळे अंगोरा सशाच्या प्रकारांना निश्चित रूप आले. प्रदर्शनात लोकरीची घनता, पोत व लांबी यांना विशेष महत्त्व असते. अमेरिकेत प्रारंभी सर्व अंगोरा ससे एकाच वर्गात धरीत. १९४४ मध्ये इंग्लिश व फ्रेंच हे प्रकार वेगळे करण्यात आले. इंग्लिश प्रकार लहान असून त्याच्या चेहऱ्यावर व कानांवरही लोकर असते. फ्रेंच प्रकाराचा चेहरा उघडा असतो. चकाकदार लोकरीचा सॅटिन व आकाराने मोठा जायंट या प्रकारांना तेथे १९८० नंतरच्या दशकात मान्यता मिळाली.

दुसरे महायुद्ध : या काळात जर्मनीत अंगोरा पालनास एक भीषण वळण मिळाले. हाइन्रिख हिमलर याच्या अधिपत्याखालील एस्‌एस्‌ संघटनेने आउश्व्हिट्स, बूखनव्हाल्ड, डाखाउ इ. छळछावण्यांत असे ससे पाळले. त्यांच्या लोकरीचा उपयोग सैन्याच्या, विशेषतः वैमानिकांच्या, उबदार कपड्यांसाठी करावयाचा होता. सशांना स्वच्छ खुराडी व पुरेसा आहार मिळे. त्याच आवारात बंदिवान उपासमारीने व अत्याचाराने मरत होते. या उपक्रमाचा छायाचित्रसंग्रह अमेरिकन पत्रकार सिग्रिड शुल्त्स यांना १९४५ मध्ये सापडला. तो आता अमेरिकेतील विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. प्राण्याची निगा व माणसाविषयीची अमानुषता एकाच व्यवस्थेत नांदू शकतात, याचा तो पुरावा होय.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्पादनाचे केंद्र यूरोपमधून चीनकडे सरकले व जगातील बहुतांश अंगोरा लोकर तेथेच होऊ लागली. मालाच्या किंमतीत मोठे चढउतार झाल्याने यूरोपमधील लहान पालकांचा धंदा खालावला. चीनमधील काही ठिकाणी जिवंत सशांची लोकर ओरबाडून काढीत असल्याची चित्रफीत २०१३ मध्ये प्रसृत झाली. परिणामी अनेक मोठ्या वस्त्रविक्रेत्यांनी अंगोरा वस्त्रांची विक्री थांबविली. गळावयास आलेले केस हळुवारपणे काढणे व न पिकलेले केस बळाने उपटणे यांतील फरक यामुळे प्रथमच सामान्य ग्राहकाच्या लक्षात आला.

भारत : भारतात या सशांचे पालन मुख्यतः हिमाचल प्रदेश व उत्तराखंड या राज्यांच्या थंड भागांत होते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे कुलू जिल्ह्यातील गार्सा येथील केंद्र यासंबंधी संशोधन व पैदास करते. १९८० नंतरच्या दशकात जर्मन प्रकारचे ससे आणल्यावर येथील पैदाशीस चालना मिळाली. कुलूच्या हातमागांवर अंगोरा शाली विणतात. दाट लोकरीमुळे या सशाला उष्णता सोसवत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक भागांचे हवामान त्यास मानवणारे नाही. डोंगराळ भागातील अल्पभूधारकांस मात्र थोड्या जागेत व घरच्या मनुष्यबळावर करता येण्याजोगा हा पूरक व्यवसाय आहे. रोजची निगा ही त्याची पहिली अट असल्यामुळे मोठ्या कारखान्यापेक्षा घरगुती पालनच त्यास अधिक मानवते.