पावसात वायपर दगा का देतो? उत्तर एप्रिल-मेच्या उन्हात आहे

जूनमधली संध्याकाळ. तुम्ही धुळ्याहून जळगावकडे निघालात. पारोळा मागे पडलं, एरंडोल अजून यायचंय. तेवढ्यात ढग भरून येतात आणि टपोरे थेंब काचेवर आपटायला लागतात. तुम्ही वायपर सुरू करता. पहिल्याच फेरीत काच साफ होण्याऐवजी तिच्यावर चिखलाचा अर्धगोल उमटतो. समोरून ट्रकचे दिवे येतात, ते त्या चिखलात फुटून अख्खी काच पिवळीधमक होते. पुढचे काही क्षण रस्ता दिसतच नाही.

गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली असेल तर ती एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. वायपरची एक फेरी, म्हणजे जाऊन परत येणं, साध्या वेगात सव्वा ते दीड सेकंद घेते. म्हणजे एक फेरी वाया गेली की तुम्ही जवळजवळ ३० मीटर अंदाजाने गाडी चालवलेली असते. त्या ३० मीटरमध्ये दिवा नसलेला ट्रॅक्टर असू शकतो, रस्ता ओलांडणारी म्हैस असू शकते किंवा पाऊस आला म्हणून डोक्यावर गोणपाट घेऊन धावणारा माणूस असू शकतो.

आपण म्हणतो, पावसात वायपर खराब झाला. पण खानदेशात तरी तो पावसाच्या कितीतरी आधीच गेलेला असतो, पावसात ते फक्त कळतं.

खानदेशात वायपर लवकर का खराब होतो?

एरंडोल नागपूर-सुरत महामार्गावर आहे. पूर्वी याला ६ नंबरचा हायवे म्हणायचे, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. या पट्ट्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर पडतो. उरलेले आठ महिने वायपर काचेवर नुसता पडून असतो आणि त्याच काळात त्याच्यावर तीन गोष्टींचा मारा होतो.

पहिली गोष्ट ऊन. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं नवीन नाही. हे सावलीतलं तापमान झालं. उन्हात उभ्या गाडीची काच याहून खूप जास्त तापते आणि रबर त्याच काचेला चिकटून असतं. उष्णता, ऊन आणि हवा यांमुळे रबराचा लवचीकपणा हळूहळू जातो. ते कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात.

दुसरी गोष्ट धूळ. शेतरस्ते, रस्त्यांची कामं आणि उन्हाळी वारा यामुळे काचेवर फुफाटा बसतो. त्यातले बारीक खडे रबराच्या कडेत अडकतात. अशा वेळी कोरड्या काचेवर वायपर फिरवला की तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. रबराची धार जाते आणि काचेवर कायमचे ओरखडे उठतात.

तिसरी गोष्ट एकाच जागी पडून राहणं. महिनोन्महिने एकाच बाजूला दाबलेलं रबर त्याच बाजूला वाकलेलं राहतं. याचा परिणाम समजून घ्यायचा तर वायपर काम कसा करतो ते आधी बघू.

वायपर नेमकं काय करतो?

वायपर पाणी ढकलतो असं वाटतं, पण त्याचं खरं काम थोडं नाजूक आहे. रबराची खालची कड अगदी पातळ असते. वायपर एका दिशेने जाताना ही कड मागे झुकते आणि काचेवर पाण्याचा इतका पातळ थर ठेवते की त्यातून आरपार स्वच्छ दिसतं. परत येताना कड उलटी होऊन दुसऱ्या बाजूला झुकायला हवी. प्रत्येक फेरीत दोनदा हे उलटणं घडतं.

उन्हात कडक झालेलं, एका बाजूला वाकून बसलेलं रबर नीट उलटत नाही. मग एका दिशेने काच साफ होते आणि दुसऱ्या दिशेने वायपर उड्या मारत, खडखड करत येतो. ‘मोटर गेली वाटतं’ म्हणून आपण गॅरेज गाठतो, पण दोष बहुतेक वेळा रबराचाच असतो.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन या महिलेने न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात ट्राम चालकांची बर्फाने झालेली पंचाईत पाहिली आणि आतून दांडीने फिरवायचा वायपर तयार केला. त्याचं पेटंट तिला १९०३ मध्ये मिळालं. आज तो हाताने फिरवावा लागत नाही. मोटर आली, थांबून थांबून फिरणारा वेग आला, काही गाड्यांत पाऊस ओळखणारा सेन्सरही आला. पण शेवटी काचेला भिडतं ते रबरच.

लक्षणावरून दोष ओळखा

- काचेवर बारीक रेषा राहतात: रबराच्या कडेत खडा, बियाणं किंवा काडी अडकली आहे, नाहीतर कड तिथे फाटली आहे. आधी पुसून बघा. रेष त्याच जागी राहिली तर ब्लेड बदला.
- रुंद पट्टा न पुसता राहतो: ब्लेड काचेला सगळीकडे सारखं टेकत नाही. ब्लेडची फ्रेम वाकली असेल, मापात फरक असेल किंवा वायपरच्या दांड्याची स्प्रिंग ढिली झाली असेल. नवं ब्लेड टाकूनही पट्टा राहिला तर दांडा तपासून घ्या.
- खडखड, उड्या: रबर कडक झालं आहे, दांडा थोडा पिळला गेला आहे किंवा काचेवर मेण-पॉलिशसारखा थर आहे.
- प्रत्येक फेरीनंतर धुरकट पडदा: इथे बहुतेकदा दोष काचेचा असतो. डिझेलचा धूर आणि रस्त्यावरचं तेल यांचा थर काचेवर बसतो, पहिल्या पावसात तो पसरतो.
- वायपर चांगला, तरी रात्री काच चमकते: काच आतून पुसून बघा. कडक उन्हात बंद गाडीतल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून वाफा निघतात आणि काचेच्या आतल्या बाजूला तेलकट थर बसतो. हा थर बाहेरचा वायपर कसा काढणार?

घरच्या घरी पाच मिनिटांची तपासणी

आधी काच भरपूर पाण्याने धुऊन घ्या. मग वायपर उचला आणि ओल्या सुती कापडाने रबराची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसा. पहिल्यांदा कापड काळं होईल, ते साहजिक आहे. कापड बऱ्यापैकी स्वच्छ निघेपर्यंत पुसा. नंतर कड बोटाने हलकेच वाकवून पाहा. भेगा दिसल्या, कड खडबडीत लागली किंवा रबर फ्रेममधून सुटलेलं दिसलं तर ते ब्लेड पावसाळ्यात टिकणार नाही.

आता काचेवर पाणी मारून वायपर पाच-सहा फेऱ्या चालवा. हे अंधार पडल्यावर, समोर रस्त्यावरचा दिवा असताना करा. दिवसा न दिसणारी रेष रात्री लगेच दिसते, आणि धोका रात्रीच जास्त असतो.

पाणी फवारणाऱ्या टाकीकडेही बघा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात आणि बॉनेटजवळची बारीक छिद्रं बुजतात. टाकीत शक्यतो फिल्टरचं पाणी भरा. बुजलेलं छिद्र बारीक टाचणीने मोकळं होतं. टाकी रिकामी असताना बटण दाबत राहू नका, पंप खराब होतो.

रबर मऊ व्हावं म्हणून त्याला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल लावू नका. रबर फुगतं, त्याची कड बिघडते आणि काचेवर तेलाचा थर बसतो तो वेगळाच.

उन्हात वायपर उचलून ठेवावा का?

पार्किंगमध्ये अनेक गाड्यांचे वायपर हात वर केल्यासारखे उभे दिसतात. तापलेल्या काचेपासून रबर दूर राहतं, हा त्याचा फायदा खरा. पण दांडा कायम ताणून ठेवला तर त्याची स्प्रिंग ढिली पडू शकते. शिवाय जोराच्या वाऱ्याने किंवा मुलांच्या खेळण्यात तो दांडा काचेवर आपटू शकतो. गाडी बरेच दिवस उन्हातच उभी राहणार असेल तर उचला, रोजच्या तासाभरासाठी गरज नाही. काचेवर पांढरं कापड किंवा कव्हर टाकणं जास्त चांगलं.

झाडाची सावली मिळाली तर उत्तमच, पण त्यासोबत पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीकही येतो. तो वायपरने काढू नका. पाण्याने भिजवा आणि कापडाने पुसा.

ब्लेड बदलताना

दोन्ही बाजूंच्या ब्लेडची मापं बहुतेक गाड्यांत वेगवेगळी असतात आणि चालकाच्या बाजूचं लांब असतं. माप इंचात असतं, गाडीच्या पुस्तिकेत बघा किंवा जुनं ब्लेड मोजून घेऊन जा. जास्त लांब ब्लेड टाकलं तर दोन वायपर एकमेकांना अडकतात. फ्रेमच्या ब्लेडमध्ये काही वेळा नुसतं रबर बदलून मिळतं. फ्रेम चांगली असेल तर तेही चालतं.

ब्लेड काढलं की दांड्याचं उघडं लोखंड राहतं. तो दांडा हातातून सुटून काचेवर आपटला तर काच तडकते. म्हणून काम सुरू करण्याआधी काचेवर जाड टॉवेल अंथरा. ब्लेडची किंमत पुढच्या काचेच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. जुन्यातलं त्यातल्या त्यात बरं ब्लेड डिक्कीत ठेवा, अडचणीत कामी येतं.

पावसात गाडी चालवताना

ट्रकला ओव्हरटेक करायचं असेल तर वायपरचा वेग आधीच वाढवा. ट्रकच्या चाकांनी उडवलेलं गढूळ पाणी काचेवर आल्यावर बटण शोधू नका. समोरून मोठी गाडी येत असली तरी हेच करा.

काच अचानक धुरकट झाली तर बोट लावून बघा, वाफ आत आहे की बाहेर. आत असेल तर एसी सुरू करून हवा काचेकडे वळवा. एसीने काच फार थंड होऊन वाफ बाहेरून धरली असेल तर वायपर एकदा फिरवा आणि एसीची थंडी कमी करा.

पावसाळ्यात रात्री दिव्यांवर पाखरं येतात आणि काचेवर चिरडतात. नुसता वायपर फिरवला तर त्यांचा तेलकट लेप सगळीकडे पसरतो. आधी भरपूर पाणी मारा. तरी निघत नसेल तर पंपावर किंवा ढाब्यावर थांबून काच धुवा.

आणि वायपर पूर्ण वेगात असूनही समोरचं दिसत नसेल, तर वेग कमी करा. पाऊस वायपरच्या आवाक्याबाहेर गेलाय, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

वायपर मध्येच बंद पडला तर?

घाबरून रस्त्याच्या मध्ये थांबू नका. तुम्हाला समोरचं दिसत नाही, तसंच मागच्यालाही तुम्ही दिसत नसता. वेग हळूहळू कमी करा, डावा इंडिकेटर द्या, दिवे लो बीमवर ठेवा आणि पंप, ढाबा किंवा रस्त्यापासून पूर्ण बाजूची जागा गाठा. थांबल्यावर चारही इंडिकेटर लावा.

मोटरचा आवाज येत नसेल तर आधी फ्यूज बघा. आवाज येतो पण दांडा हलत नसेल तर दांड्याच्या बुडाचा नट ढिला झालेला असू शकतो, तो पान्याने आवळता येतो. चालकाच्या बाजूचं रबर फाटलं असेल तर डाव्या बाजूचं ब्लेड उजवीकडे लावा. ते आखूड असलं तरी तात्पुरतं काम भागतं. रिकामा राहिलेला डावा दांडा काच कोरू नये म्हणून त्याला कापड घट्ट गुंडाळून बांधा.

जुने ड्रायव्हर अशा वेळी काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचे. त्यामुळे पाण्याचे थेंब न होता ते पसरतं आणि थोडा वेळ बरं दिसतं. पण हा उपाय सावकाश जवळच्या गावापर्यंत जाण्यापुरता आहे, जळगाव गाठण्यापुरता नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०१ विंडस्क्रीन वायपरबद्दल आहे. चारचाकीला यंत्रशक्तीवर चालणारा, नीट काम करणारा वायपर असणं बंधनकारक आहे. ट्रक, बस, टॅक्सी यांचा वायपर फिटनेस तपासणीत बघितला जातो. खासगी कारची नोंदणी मात्र सुरुवातीला १५ वर्षांची असते. तोपर्यंत तुमचा वायपर सक्तीने तपासणारं कुणी नाही. ते काम तुमचंच.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

तारखा लक्षात राहत नाहीत, सण राहतात. म्हणून हे सेव्ह करून ठेवा:

- आखाजी (अक्षय तृतीया): लेकी माहेरी येतात, गाड्या धुतल्या जातात. तेव्हाच वायपरचं रबर तपासा. वळवाचा पाऊस कधीही येऊ शकतो.
- मृगाच्या आधी, म्हणजे जूनचा पहिला आठवडा: रबर कडक किंवा भेगाळलेलं असेल तर ब्लेड बदला. काच आतून-बाहेरून साफ करा, टाकी भरा.
- पोळा: पावसाळ्याचा मध्य. पुन्हा एकदा कड पुसा आणि रात्रीची चाचणी घ्या.
- दिवाळी: चिखल धुऊन काढा. आता आठ महिने कोरडे. काच कोरडी असताना वायपर फिरवायचा नाही, आधी पाणी मारायचं.

पेरणीच्या आधी आपण बियाणं-खतं जमवून ठेवतो, पाऊस आल्यावर दुकान शोधत नाही. वायपरचंही तसंच करा. घरातून कुणी अंगारकीला पद्मालयला निघालं असेल किंवा रात्री सुरतकडे गाडी काढणार असेल, तर त्यांना हे आजच पाठवा.