ससा, उंदीर आणि कोंबडी

आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते. ते नसेल तर आपण जगणार नाही. पण रक्तात ते फार वाढले की रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पाठ्यपुस्तकातल्या या एका वाक्याची खात्री पटायला ऐंशी वर्षे लागली. एवढी का, ते पाहू या.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव आणि सेम्यॉन खालातोव यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले. सशांच्या रोहिण्यांत माणसासारखेच चरबीचे थर दिसू लागले. इतरांनी हाच प्रयोग उंदरांवर आणि कुत्र्यांवर केला, तर काहीच झाले नाही! ससा तर शाकाहारी. त्याच्यावरून माणसाविषयी अनुमान कसे काढायचे, असा आक्षेप आला. बरीच वर्षे या कामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. उंदीर आणि कुत्रा जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून टाकतात, हे पुढे कळले.

आपल्या शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल आहारातून येत नाही, शरीरातच बनते. ते बनवण्यातले मुख्य विकर अडवता येईल का? टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी १९७१ पासून हजारो बुरशा तपासल्या. १९७३ साली पेनिसिलियम गटातील एका बुरशीत त्यांना हवे ते द्रव्य सापडले : कॉम्पॅक्टिन. परीक्षानळीत ते उत्तम चाले. उंदरांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल मात्र उतरेना.

एंडोंनी मग कोंबडी निवडली. अंड्याच्या बलकात इतके कोलेस्टेरॉल घालणारी कोंबडी ते भरपूर बनवत असणार, हा साधा तर्क. १९७६ साली केलेल्या प्रयोगात कोंबड्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले. उंदरात काय बिघडले होते? विकर अडवताच त्याचे यकृत तेच विकर कितीतरी पटींनी जास्त बनवत होते.

कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आले नाही. त्याच जातीचे लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत मान्य झाले. आयुष्य वाढते का, याचे उत्तर १९९४ साली स्कँडिनेव्हियातून आले. ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली होती. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधी गटात २५६, तर औषध घेणाऱ्यांत १८२ मृत्यू झाले.

म्हणजे उंदराने दोनदा ‘नाही’ म्हटले, आणि त्याच्यापुरते ते दोन्ही वेळा खरेच होते. वर्गात प्रयोग ‘फसला’ की आपण पुढच्या धड्याकडे वळतो. त्याआधी, प्रश्न विचारला कोणाला, हे मुलांसोबत एकदा तपासून पाहायला हवे.