पलंग कोठे ठेवावा?

गेल्या वैशाखात आमच्या घरी एका पलंगावरून मोठा तंटा माजला. पलंग शिसवी, आमच्या नानांचा. माघात नाना त्याच पलंगावर गेले. सुटीत मुंबईहून आक्का आली ती फेंगशुईचे एक गुळगुळीत पुस्तक घेऊनच. निजायची खोली न्याहाळून तिने निकाल दिला : पाय दाराकडे येतात ते वाईट, समोर आरसा नको, डोक्यावर तुळई नको, आणि ज्यावर माणूस गेले तो पलंग तर घरातच नको. आई त्याच पलंगाच्या खुराशी बसली होती. ती एवढेच म्हणाली, "मग मलाही त्याच्याबरोबर बाहेर काढा."

मी पडलो शाळामास्तर. भांडणात बाजू घेण्यापेक्षा पुस्तके काढणे मला सोपे जाते. ज्या विद्येच्या नावाने पलंग बाहेर निघत होता, ती मुळात काय सांगत होती हे तरी पाहावे, म्हणून मी चीनच्या इतिहासात शिरलो. पाहतो तो काय, ही विद्या मला पलंगापाशी न भेटता थडग्यापाशी भेटली!

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. भूमीतून 'छी' नावाची एक प्राणशक्ती वाहते, वाऱ्याने ती विखुरते आणि पाण्यापाशी थबकते, अशी मूळ कल्पना. ती ज्या जुन्या ग्रंथात मांडली आहे, तो ग्वो पू (इ. स. 276–324) या पंडिताच्या नावावर सांगतात. त्या ग्रंथाचा विषय घर नव्हे, दफन. आईबापांच्या अस्थी चांगल्या जागी विसावल्या, तर त्याचे फळ मुलाबाळांपर्यंत पोहोचते, हा त्याचा गाभा. थडग्याला चिनी लोक 'यिन घर' म्हणतात आणि जित्यांच्या घराला 'यांग घर'. दोन्ही घरेच! गेलेला बाप ही त्या विद्येच्या लेखी अडगळ नव्हती. तो घराण्याचे मूळ होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांतून ही विद्या जगभर पसरली, तेव्हा थडगी बहुतेक मागे राहिली आणि निजायची खोली तेवढी पुढे आली.

आता निजण्याचे नियम पाहू. उत्तर चीनमध्ये 'खांग' असतो. खांग म्हणजे विटांचा किंवा मातीचा पोकळ ओटा. चुलीचा धूर त्याच्या पोटातून जातो आणि घरची माणसे त्या उबेवर निजतात. तो पुष्कळदा दक्षिणेच्या खिडकीलगत बांधलेला असे. कारण हिवाळ्यात ऊन दक्षिणेचे आणि बोचरा वारा उत्तरेचा. तेथे अंथरूण कोठे घालावे हे आधी थंडीने ठरविले असावे आणि शास्त्राने मागाहून मान डोलावली असावी, असे मला वाटते. पाय दाराकडे नकोत, याचे कारण मात्र निराळे सांगतात : प्रेत पाय पुढे करून बाहेर नेतात, जित्याने तसे निजू नये. आपल्याकडेही वडीलधारी माणसे दक्षिणेकडे पाय करून निजू देत नाहीत, कारण ती यमाची दिशा. नियम दोन, भय एकच.

पण मला खरा सोबती भेटला तो सीमा ग्वांग (इ. स. 1019–1086). 294 भागांचा चीनचा प्रचंड इतिहास 1084 साली पुरा करणारा हा गृहस्थ. त्याच वर्षी दफनाविषयी एक छोटा लेख लिहून त्याने घरचीच हकिगत सांगितली. वडीलधाऱ्यांच्या दफनाची वेळ आली, तेव्हा भाऊबंद म्हणू लागले, जाणत्याला विचारल्याशिवाय काही करायचे नाही. थोरल्या भावाने गावातला एक भूमिपरीक्षक गाठला. त्या बापड्याची कमाई एका दफनामागे हजार नाण्यांवर जात नसे. भावाने वीस हजार देऊ केली. अट एकच, मी सांगेन तेच शास्त्र! मग दिवस, वेळ, खड्ड्याची खोली, वाट, सारे भावाने सोयीने ठरविले. भूमिपरीक्षकाने त्यावर ग्रंथातली वचने चढवून 'महाशुभ' म्हटले आणि भाऊबंद संतुष्ट झाले. सीमा ग्वांग लिहितो की पुढे भाऊ 79 वर्षांचा झाला, आपण 66 वर्षांचे, आणि कुळातली 23 माणसे सरकारी अधिकारावर आहेत.

ही गोष्ट वाचली आणि मला वाट सापडली. दुसऱ्या दिवशी चिरंजीवांना हाताशी धरून मी पलंग पूर्वेच्या खिडकीपाशी नेला. आईला पहाटे उजेड मिळावा, वारा लागावा, रात्री उठताना भिंतीचा आधार असावा, एवढेच पाहिले. मग आक्काचे पुस्तक उघडून गंभीरपणे एकेक नियम वाचला. डोक्यामागे भिंत आहे. दार दिसते, पण पाय त्याच्यासमोर नाहीत. तुळई बाजूला राहिली.

"ते खरे रे, पण पलंग तोच ना?" आक्का म्हणाली.

"आक्का, ही विद्या बापाला चांगली जागा शोधण्यापासून सुरू झाली. आपण नानांना घराबाहेर कसे काढायचे?"

आक्का बराच वेळ काही बोलली नाही. रात्री ती आईशेजारी त्याच पलंगावर निजली.

आरसा मात्र आम्ही हलविला. आक्काचाही मान राहिला पाहिजे.