मेडन कॅसलहून प्रवरेकाठी

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मला एकच विषय सुचला. आठवीत असताना आपल्या इतिहासाच्या सरांनी वर्गाची सहल नेवाशाला नेली होती. पैसाच्या खांबाचे दर्शन झाल्यावर सर आपल्याला लाडमोड टेकडीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "इथे सांकलियांनी उत्खनन केलं." आपल्यापैकी बहुतेकांचे लक्ष डब्याकडे होते. हे सांकलिया कोण, ते मला फार उशिरा कळले.

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १९०८ साली मुंबईत, गुजराती कुटुंबात झाला. शाळकरी वयात त्यांच्या हाती लोकमान्यांच्या 'आर्क्टिक होम इन द वेदाज'चा गुजराती अनुवाद पडला. त्यातले बरेचसे कळले नाही, पण आर्यांविषयी आपण काही शोधून काढायचे एवढे मनाने घेतले. मग संस्कृत आले, आणि पुढे मुंबईत फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावरचा प्रबंध. तोवरचा अभ्यास मुख्यतः ग्रंथांचा. कुदळीशी संबंध नाही.

पुढे ते लंडनला गेले. पीएच.डी.चा विषय होता गुजरातचे पुरातत्त्व. गुजरातच्या अभ्यासासाठी लंडनला कशाला जायचे, असे कुणी विचारले तर त्यात चूक नाही. पण त्या मुक्कामात त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल नावाचा लोहयुगातला प्रचंड मातीचा किल्ला आहे. तिथे १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी उत्खनन केले. टेसाबाई १९३६ मध्ये, काम चालू असतानाच गेल्या. कामाला विद्यार्थी आणि हौशी मंडळी मोठ्या संख्येने असत. त्या विद्यार्थ्यांत सांकलियाही होते.

तिथली पद्धत आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल. शेतात वाफे पाडतात तसे जमिनीचे चौकोन आखायचे. चौकोन खणायचे, पण मधले बांध तसेच उभे ठेवायचे. बांधाच्या उभ्या कापात मातीचे थर दिसतात: राखेचा वेगळा, चोपलेल्या जमिनीचा वेगळा, पडलेल्या भिंतीचा वेगळा. प्रत्येक थराला क्रमांक, आणि सापडलेल्या प्रत्येक खापरावर त्या थराची नोंद. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर न पाहता नुसती खोली मोजत खणले तर जुन्या काळातला खड्डा आणि नव्या काळातला पाया एकाच हिशेबात येतात. मेडन कॅसलला गोफणीच्या गोट्यांचे हजारोंचे साठे सापडले. ते कोणी, कोणत्या वेळी रचले, हे थरांवरूनच ठरवायचे होते.

व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले ते १९४४ साली, आणि तक्षशिलेला त्यांनी तरुणांना शिकवायला घेतले तेही त्याच वर्षी. सांकलिया मात्र त्याआधी पाच वर्षे, १९३९ मध्ये, नव्याने सुरू झालेल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले होते. इरावतीबाई कर्वेही त्याच वर्षी तिथे आल्या. गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे मिळाले. नंतर १९५०-५१ मध्ये नाशिक आणि आपल्या संगमनेरजवळचे जोर्वे. जोर्व्याला तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी निघाल्या, आणि तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, तोटीची मडकी. तशी मडकी जिथे जिथे सापडतात त्या सगळ्या संस्कृतीला आज जगभरचे अभ्यासक 'जोर्वे' म्हणतात. आपल्या एस.टी.च्या पाटीवरचे गाव हो!

१९५४ ते १९५६ नेवासे. अहवालाच्या नावातच त्यांनी इतिहासाकडून प्रागितिहासाकडे असा उलटा क्रम ठेवला, कारण खणणारा वरून खाली जातो. वर मराठा-मुसलमानी काळ, त्याखाली रोमन मद्यकुंभांचे तुकडे असलेला सातवाहन काळ, त्याखाली साडेतीन हजार वर्षांच्या आतबाहेरचे शेतकरी. नदीच्या गाळखड्यांत तर अश्मयुगीन हत्यारे. मेलेली मुले घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली. एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि तिच्यातला धागासुद्धा थोडा टिकून होता. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो.

आर्य शोधायला निघालेल्या या माणसाने आयुष्यातला केवढा तरी काळ कोणतीही पोथी मागे न ठेवणाऱ्या माणसांसाठी दिला. त्यांना १९७४ साली पद्मभूषण मिळाले आणि १९८९ मध्ये पुण्यात ते वारले.

आता कबुली. आपल्या शाळेमागचे पांढरीचे टेकाड आठवते ना? घर सारवायला आणि शेतात टाकायला लोक तिथली माती गाड्या भरभरून नेत. मुली तिथल्या खापऱ्या ठिकरी खेळायला घेत, आपण त्या प्रवरेत भिरकावत असू. मी पुढे पाटबंधारे खात्यात लागलो, चाचणीचे खड्डे खणून मातीचे थर लिहिणे हेच माझे काम झाले, तेव्हा कुठे त्या टेकाडाची आठवण टोचू लागली. नंतर जाऊन पाहिले तर निम्मेही उरलेले नाही.

काळ्या नक्षीचा एक तुकडा माझ्या जुन्या कंपासपेटीत राहून गेला आहे. तो कोणत्या थरातला, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मेळाव्याला तो घेऊन येतो. सरांना दाखवायचा आहे; रागावतील, पण आधी चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून नीट बघतील.