गृहस्थाघरचे श्वान-मार्जार आणि त्यांचे अन्न

वैश्वदेवाच्या प्रसंगी गृहस्थाने श्वानासाठीही अन्नाचा भाग भूमीवर ठेवावा, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घरोघरी ठाऊक आहेत. मुक्या जीवाला घास देण्याची आपली परंपरा अशी जुनी आहे. परंतु घास कोणता द्यावा, हे पाहू लागले, म्हणजे कुत्रा व मांजर यांचे दोन भिन्न इतिहास समोर येतात.

कुत्रा सहस्रावधी वर्षे माणसाच्या उष्ट्यावर वाढला, आणि त्या अन्नाने त्याची प्रकृतीच पालटली. पिष्ट पचविणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात २ प्रती, तर कुत्र्यात ४ ते ३० प्रती असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणून भाकरी व भात त्याला मानवतात. मात्र त्यांच्या जोडीला अंडी, मांस, मासे यांसारखे प्रथिनयुक्त अन्न हवेच.

मांजराची गोष्ट निराळी. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे, इतका हा सहवास जुना. पण मांजर कोठाराशी आले ते धान्यासाठी नव्हे, उंदरांसाठी. ते घरात राहिले, तरी देहाने मांसाहारीच राहिले. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. दुधातील प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांचे नेत्रपटल टॉरिनअभावी झिजते, हे १९७५ साली सिद्ध झाले. १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी त्याच उणिवेचा हृदयविकाराशी संबंध दाखविला. तेव्हा बाजारातील तयार खाद्यांतही ही उणीव आढळली, आणि उत्पादकांनी टॉरिनचे प्रमाण वाढविले.

मग आपल्या आजीच्या घरचे मांजर दूधभातावर कसे जगले? ते केवळ दूधभातावर जगलेच नव्हते. माजघरात वाटी चाटून झाल्यावर ते माळ्यावर, गोठ्यात, परसात उंदीर मारीत असे, आणि आपली उणीव आपणच भरून काढीत असे. आज बंद सदनिकेतील मांजराला तो माळा नाही आणि तो उंदीरही नाही. उरतो तो केवळ दूधभात; आणि बहुतेक प्रौढ मांजरांना दूधही नीटसे पचत नाही.

म्हणून शाकाहारी घराने मांजर पाळताना याचा विचार आधी करावा. घरात सामिष शिजवावयाचे नसेल, तर मांजरासाठीच बनविलेले टॉरिनयुक्त तयार खाद्य आणावे. कुत्र्याचे खाद्य त्याला पुरत नाही. कांदा व लसूण दोघांनाही वर्ज्य. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणेही कुत्र्याला देऊ नयेत; त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

दान पात्र पाहून द्यावे, असे आपण म्हणतो. उंबरठ्याशी बसलेल्या या पात्रांची प्रकृती ओळखून घास देणे, हीही भूतदयाच होय.